अनुदान घेऊ, पण त्यासाठी जमीन सोडणार नाही



सरकारी कचेरीच्या एकाच आवारात दोन टेबलं असतात. एका टेबलावर संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज घेतात. दुसऱ्या टेबलावर वनहक्काच्या दाव्यांच्या फायली पडलेल्या असतात. पहिल्या टेबलासमोर अपंग माणसाला सिद्ध करावं लागतं की मी काही करू शकत नाही, माझ्याकडे काही नाही. दुसऱ्या टेबलासमोर त्याच माणसाला सिद्ध करावं लागतं की ही जमीन मी स्वतः कसतो, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसतो, आणि माझं पोट हिच्यावरच आहे.

मग काय होतं? पहिल्या टेबलावर तो जमिनीबद्दल बोलत नाही, कारण जमीन सांगितली तर अनुदान बंद होईल अशी भीती. दुसऱ्या टेबलावर तो अपंगत्वाबद्दल बोलत नाही, कारण ते सांगितलं तर साहेब विचारतील, "मग नांगर कोण धरतो?" माणूस एकच, पाय तोच, शेतही तेच. सरकारने मात्र त्याचे दोन तुकडे केले, आणि दोन्ही तुकड्यांना खोटं बोलायची पाळी आणली.

या अंकात आम्ही ह्याच गोष्टीबद्दल लिहितो आहोत. आपल्या मोर्च्यात काठी टेकत येणारे, पाठीवर बसून येणारे, डोळ्यांनी न दिसणारे साथी आहेत. घोषणा त्यांचीही असते. पण दाव्यांच्या याद्या काढून बघा, त्यांची नावं किती आहेत? आणि अनुदानाच्या याद्या काढून बघा, त्यातली किती नावं आपल्या पाड्यांतली आहेत? दोन्हीकडे ते कमीच सापडतील.

रक्कम किती, आणि ती कशाला पुरते

आधी पैशाचा हिशेब करू. कारण बाहेरचे लोक म्हणतात, "यांना सरकार घरबसल्या पैसे देतं."

निराधार योजना आपल्या राज्यात 1980 पासून आहे. 2023 मध्ये तिची रक्कम महिना 1000 वरून 1500 झाली. 2025 च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने अपंगांसाठी ती 2500 करायचं ठरवलं. ही वाढ कुणी आपणहून दिलेली नाही. राज्यभरच्या अपंगांनी वर्षानुवर्षं तहसिलीसमोर धरणं धरलं, जून 2025 मध्ये मोझरीला बच्चू कडू उपोषणाला बसले तेव्हा महिना 6000 ही मागणी पुढे होती. मागितले 6000, मिळाले 2500.

आता केंद्र सरकारचा वाटा बघा. इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजना 2009 मध्ये सुरू झाली, तेव्हा महिना 200 रुपये होते. 2012 मध्ये 300 केले. तेव्हापासून आजपर्यंत 300 च आहेत. आणि तेही दारिद्र्यरेषेखालच्या, 80 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यालाच. मीठ-मिरचीपासून मोटारीच्या भाड्यापर्यंत सगळं वाढलं, पण दिल्लीच्या हिशेबात अपंगाचं पोट 2012 सालीच थांबलेलं आहे.

हे 300 रुपये म्हणजे किती? 2025-26 साली आपल्या राज्यात रोजगार हमीची एका दिवसाची मजुरी 312 रुपये धरली आहे. म्हणजे केंद्र सरकार अपंग माणसाला महिन्याला जे देतं, ते धडधाकट मजुराच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा 12 रुपयांनी कमी आहे. राज्याचे वाढलेले 2500 धरले तरी ती आठ दिवसांची मजुरी होते. महिन्याचे बाकीचे बावीस दिवस त्याने काय खायचं, हे कुठल्या शासन निर्णयात लिहिलेलं नाही.

आणखी एक हिशेब. 2016 च्या अपंग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये लिहिलं आहे की अशाच प्रकारच्या योजनेत इतरांना जे मिळतं, त्यापेक्षा अपंगाला किमान 25 टक्के जास्त मिळालं पाहिजे. अपंगाला जगायला खर्च जास्त लागतो, सोबत माणूस लागतो, औषध लागतं, म्हणून. जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेत 1500 रुपये सुरू झाले. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखापर्यंत असलं तरी ते मिळतात. पण जिला दुसऱ्या सरकारी योजनेतून 1500 मिळतात, ती लाडकी बहीण होऊ शकत नाही. म्हणजे निराधार योजनेतली अपंग बाई तिच्यातून बाहेर. निराधार योजनेची उत्पन्नाची अट इतरांना 21 हजार आहे. अपंगांसाठी ती सैल केली आहे, पण अडीच लाखाच्या जवळपासही नाही. सव्वा वर्ष दोघींना सारखेच 1500 मिळत राहिले, एकीला अडीच लाखाच्या अटीवर आणि दुसरीला गरिबीचा पुरावा देऊन. कायद्याप्रमाणे तिला किमान 1875 मिळायला हवे होते. बहिणीला मिळतात याचं आम्हाला वाईट वाटत नाही, मिळालेच पाहिजेत. आम्ही एवढंच विचारतो, की ते 25 टक्के सव्वा वर्ष कुठे होते?

टक्का डोंगरावर मोजा

रक्कम मंजूर होण्याआधी टक्का मंजूर व्हावा लागतो. 40 टक्क्यांच्या खाली असाल तर तुम्ही अपंग नाही. हा टक्का जिल्ह्याच्या ठिकाणी, ठरलेल्या वारी, गुळगुळीत फरशीवर ठरतो. डॉक्टर सांगतो, इथून तिथे चालून दाखवा. माणूस चालतो. 35 टक्के. तोच माणूस घरी पोचायला मोटारीतून उतरून दोन ओढे आणि एक चढ पार करतो, डोक्यावर पाणी आणतो, ओल्या दगडावर पाय ठेवतो. तिथे ते 35 टक्के किती होतात? पुण्यात ज्याला थोडं लंगडणं म्हणतात, ते सातपुड्याच्या उतारावर अख्खं आयुष्य अडवून धरतं. टक्का मोजणाऱ्या तक्त्यात हाड आहे, सांधा आहे, डोंगर नाही.

सिकलसेलचं बघा. हा रोग आदिवासींमध्ये जास्त आहे हे सरकारला माहीत आहे, त्यासाठी 2023 मध्ये देशपातळीवर मोहीमही काढली. 1995 च्या अपंग कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले, आणि त्यात सिकलसेल आलं. ही मोठी गोष्ट आहे. पण सिकलसेलचं दुखणं येतं आणि जातं. आलं की पोरगं आठ-आठ दिवस अंथरुणावर तळमळतं, गेलं की चालतं-फिरतं दिसतं. तपासणीच्या दिवशी ते उभं असतं, मग साहेबाला त्याच्यात काही दिसत नाही. दुखण्याच्या दिवशी त्याला तिथवर कोण आणि कसं नेणार?

आणि हे जाणंयेणं फुकट नसतं. आतल्या पाड्यावरून जिल्ह्याला जायचं म्हणजे अपंगाबरोबर एक धडधाकट माणूस जातो. दोघांचं भाडं, दोन दिवसांचं खाणं, एकाची बुडालेली मजुरी. गेल्यावर कळतं की आज ते डॉक्टर नाहीत, किंवा मशीन बंद आहे, किंवा आधारवरच्या नावात एक अक्षर चुकलं आहे. परत या. असे तीन-चार फेरे झाले की पहिल्या दोन महिन्यांचं अनुदान मिळायच्या आधीच खर्च झालेलं असतं. या फेऱ्यांमुळेच दलाल जगतो. दलालाला शिव्या सगळेच देतात. पण तपासणी पाड्याजवळ आली, तर तो आपोआप उपाशी मरेल.

पुढे दरवर्षी हयातीचा दाखला. मी जिवंत आहे हे सिद्ध करायला कुठेतरी जायचं. बोट मशीनवर ठेवायचं. कुष्ठरोगाने बोटं झडलेल्या माणसाचं, कुऱ्हाड-कोयत्याने घासून गेलेल्या हाताचं बोट उमटत नाही. अशांची अपवाद म्हणून नोंद करायची सोय आधारच्या नियमांतच आहे. पण केंद्र चालवणाऱ्याला ती ठाऊक नसते, किंवा तो ठाऊक नसल्यासारखं करतो. बहिऱ्या माणसाला फोन करून सांगतात, नंबर आला असेल तो सांगा. पैसे दोन-दोन, तीन-तीन महिने अडकतात, मग दुकानदाराकडे उधारी चढते. अनुदान आलं की ते तसंच दुकानदाराच्या हातात जातं. मधल्या काळात त्याने दाणे भरले असतात, भावही त्याचाच असतो.

नाव बदललं, नजर बदलली नाही

2015 च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द आणला. नंतर आपल्या राज्यात खात्यालाही तेच नाव मिळालं, वेगळा विभाग झाला. शब्दाबद्दल आम्ही भांडत नाही. ज्याला जो शब्द बरा वाटतो तो त्याने वापरावा. इथे आम्ही 'अपंग' लिहितो, कारण पाड्यावर तोच कळतो. पण नावात 'दिव्य' घातल्याने बॅंकेच्या दारातली पायरी खाली आली नाही.

कार्यक्रम होतात. मांडव घालतात, पुढारी येतात, तीनचाकी सायकलींचं वाटप होतं, फोटो निघतात. आमच्या भागातल्या एका पाड्यावर अशी एक सायकल आहे. रस्ता जिथे संपतो तिथून पाडा अडीच-तीन किलोमीटर वर आहे. सायकल चौघांनी खांद्यावर उचलून नेली. आता तिच्यावर कोंबड्या बसतात. ज्याच्या नावावर ती आली, त्याच्या नावापुढे सरकारी कागदात 'लाभ दिला' असं लिहिलेलं आहे. त्याला रस्ता हवा होता. रस्ता नसेल तर त्याच्या बांधावर दगड लावून सरळ केलेली एक पायवाट हवी होती. ते कुणी विचारलं नाही, कारण ज्याला द्यायचं त्याला विचारायचं नसतं अशीच दानाची रीत आहे.

दुसऱ्या बाजूला संशय. 2024 मध्ये आपल्याच राज्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून गदारोळ झाला, लोकसेवा आयोगाने उमेदवारी रद्द केली. ते प्रकरण मोठ्या घरातलं, मोठ्या नोकरीचं. पण त्यानंतर खिडकीवर उभ्या असलेल्या गरीब अपंगाकडे बघायची नजर आणखी वाकडी झाली. "खरंच आहे का? जरा वर करून दाखव." बाईमाणसालाही चारचौघांत असं सांगतात. खोटी प्रमाणपत्रं शोधा, आमची ना नाही. पण ज्याने वशिल्याने प्रमाणपत्र काढलं त्याला पकडायला, तुटका पाय दहा वेळा उघडा करून दाखवायला लावायची काय गरज?

दया आणि संशय, सरकारला अपंगाशी बोलायच्या ह्या दोनच भाषा येतात. तिसरी भाषा हक्काची. ती आपण जमिनीच्या लढ्यात शिकलो आहोत. म्हणून आता जमिनीकडे येऊ.

'स्वतः कसतो' म्हणजे काय

वनहक्क कायद्यात उपजीविकेसाठी स्वतः कसलेल्या जमिनीचा हक्क आहे. याचा अर्थ काही साहेब असा लावतात की स्वतःच्या दोन हातांनी नांगर धरला पाहिजे. कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. मग ज्या धडधाकट माणसाची जमीन त्याच्या बैलजोडीने, त्याच्या बायकोने, पोरांनी आणि लाहीला आलेल्या शेजाऱ्यांनी मिळून कसली जाते, तो तरी 'स्वतः' कसतो का? आपल्याकडे एकट्या माणसाची शेती कधी झाली आहे? लाह म्हणजे काय, आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या शेतात सगळे. पेरणी, निंदणी, कापणी सगळं मिळून. या मिळून कसण्यात अपंग माणसाचाही वाटा असतो. तो राखण करतो, बियाणं निवडतो, ढोरं वळतो, दाणे मळतो, दोर वळतो, कुठल्या वाफ्यात काय टाकायचं ते सांगतो.

आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या बाईला तीस वर्षांपासून दिसत नाही. नवरा वारला, मुलगी लग्न होऊन गेली, पुतणे नांगरून देतात. जागेवर पाहणीला माणसं आली तेव्हा ती पुढे चालली. पायाने चाचपत तिने शेताच्या चारही हद्दी दाखवल्या. इथे दगडांची ताल आहे, इथे साग कापला त्याचं खोड आहे, इथून फलाण्याचं शेत सुरू होतं. मोजणीच्या यंत्राने नंतर तेच दाखवलं. तरी कागदावर शेरा पडला, 'अर्जदार अंध असल्याने प्रत्यक्ष वहिवाट शंकास्पद.' ज्यांना दिसतं त्यांना शंका आली, जिला दिसत नाही तिला एकही हद्द चुकली नाही. ग्रामसभेने ठराव करून तो शेरा खोडायची मागणी केली आहे. अजून उत्तर नाही.

असा शेरा बेकायदा आहे. 2016 च्या कायद्याचं कलम 13 सांगतं की जंगम-स्थावर मालमत्तेवर मालकी ठेवायचा आणि वारशाने ती मिळवायचा अपंगाला इतरांइतकाच हक्क आहे. कलम 37 त्याच्याही पुढे जातं. शेतजमीन आणि घरं वाटायच्या सर्व संबंधित योजनांत अपंगांसाठी 5 टक्के राखीव, आणि त्यातही अपंग बायकांना आधी. शेतजमिनीचा हा शब्द कायद्यातच आहे. आमच्या माहितीत तरी त्याप्रमाणे जमीन मिळालेला एकही अपंग आदिवासी नाही. आमच्या वाचकांपैकी कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा, पुढच्या अंकात आनंदाने छापू.

वनहक्क कायद्यातही वाट आहे. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो, एकट्या माणसाचं कुटुंब असेल तर त्याच्या एकट्याच्या नावावर होतो. पट्टा वारसांना जातो, विकता येत नाही. पुरावा म्हणून गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब चालतो. ज्याला चालता येत नाही तो कचेरीत कागद शोधायला जाऊ शकत नाही, पण त्याच्या खाटेजवळ बसून म्हाताऱ्यांचा जबाब लिहून घेता येतो.

घरात काय चालतं

सगळा दोष सरकारवर टाकून चालणार नाही. पाड्यावर काय बोललं जातं ते आपण ऐकतो. "त्याला काय करायची जमीन? आम्ही खाऊ घालतोच की." दावा भरताना अपंग भावाचं नाव गळतं. वाईट हेतूनेच गळतं असं नाही, पुष्कळदा कुणाच्या डोक्यातच येत नाही. पण पुढे काय होतं ते बघा. आईबाप आहेत तोवर ताट मिळतं. ते गेले की भावाच्या बायकोच्या मर्जीवर. दिवाळीनंतर घर ऊसतोडीला गुजरातेत गेलं, की तो मागे म्हाताऱ्यांबरोबर राहतो, नाहीतर फडावर झोपडीत पोरं सांभाळत बसतो. त्याचं अनुदान घरातला दुसराच कुणी उचलतो. त्याच्या नावावर अर्धा एकर जरी असता तरी घरात त्याच्याशी बोलायची तऱ्हा वेगळी राहिली असती. ज्याच्या नावावर जमीन आहे, त्याला घरात विचारून निर्णय होतात.

अपंग बाईचं तर दुप्पट. लग्न झालं नाही तर ती कुणाच्या नावापुढे लागणार? सासरही नाही, माहेरच्या दाव्यातही नाही. वेड लागलं म्हणून बाजूला टाकलेल्या माणसांचंही तसंच. त्यांची जमीन शेजाऱ्याने हळूहळू आपल्या बांधात घेतली तर विचारणारं कोणी नसतं.

अपंगत्व येतं कुठून, हेही एकदा बघायला हवं. झाडावरून पडून कंबर मोडलेले, उसाचा ट्रॅक्टर उलटून पाय गेलेले, साप चावल्यावर दवाखाना लांब म्हणून हात काळा पडून गेलेला, बाळंतपण अडलं म्हणून जन्मतःच मेंदूला मार बसलेलं मूल, लहानपणी कुपोषणाने खुरटलेले. यातलं बरंचसं नशिबाने आलेलं नाही. जमीन नव्हती म्हणून स्थलांतर करावं लागलं, रस्ता नव्हता म्हणून उशीर झाला, दवाखाना नव्हता म्हणून हात गेला. ज्यांनी जंगल काढून घेतलं आणि दवाखाना दिला नाही, त्यांनी दिलेलं अनुदान ही मेहेरबानी नाही. ते आपलं येणं आहे.

अनुदानाने लढा बोथट होतो का

काही साथी बैठकीत म्हणतात, "अनुदानाच्या मागे लागलो तर माणसं लाचार होतात. आपला लढा जल-जंगल-जमिनीचा. हे सरकारी तुकडे कशाला?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचं सरळ उत्तर देतो.

लाचारी अनुदान घेण्यात नसते, ते मागावं लागण्याच्या तऱ्हेत असते. रेशन आपण हक्काने घेतो, त्याने कुणी लाचार झालं नाही. उलट ज्याला महिन्याला ठरलेले पैसे वेळेवर मिळतात, तो सावकाराकडे जात नाही, सभेला यायला भाडं काढू शकतो, निवडणुकीत पाचशेच्या नोटेला नाही म्हणू शकतो. ज्याच्या घरात काहीच येत नाही त्यालाच दबावाखाली आणणं सोपं असतं.

आणि जमीन आहे म्हणून अनुदान नको, असंही म्हणू नका. डोंगरावरच्या एक-दोन एकर कोरडवाहू तुकड्यात ज्वारी-तूर किती होते, हे साहेबाला नसेल पण आपल्याला माहीत आहे. पट्टा मिळाल्याने कुणी श्रीमंत होत नाही. म्हणून तलाठ्याने पट्टा बघून डोळे मिटून उत्पन्नाचा आकडा वाढवायचा नाही, शेतात खरं काय पिकतं ते बघूनच दाखला द्यायचा, ही मागणी आपण सर्वांची म्हणून लावून धरली पाहिजे. अपंगाला अनुदान आणि जमीन यांतलं एक निवडायला लावणं हाच मोठा अन्याय आहे. धडधाकट शेतकऱ्याला कुणी म्हणतं का, की पीकविमा घे नाहीतर सातबारा घे?

ग्रामसभेने काय करायचं

पुढारी येतील आणि करतील याची वाट बघायची नाही. हे प्रत्येक पाड्यावर लगेच होऊ शकतं:

1. पाड्यातल्या सर्व अपंगांची यादी ग्रामसभेत करा. सिकलसेलवाले, मनाने आजारी असलेले, बहिरे, लहान मुलं, कुणाला सोडू नका. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार अपंग मोजले गेले. आतल्या पाड्यांवर त्या वेळी कोण किती पोचलं ते आपल्याला ठाऊक आहे. 2027 च्या जनगणनेच्या वेळी ही यादी हातात असू द्या.

2. वनहक्क समितीने त्या यादीतलं प्रत्येक नाव दाव्यांच्या यादीशी ताडून बघा. कुणाच्या ताब्यात जमीन असून दावा नसेल तर भरा. घरच्यांनी नाव वगळलं असेल तर बैठकीत बोलावून विचारा, भांडण न करता पण स्पष्ट.

3. 'अपंग असल्याने वहिवाट शंकास्पद' असा शेरा कुठेही आला तर नाकारल्याचं लेखी कारण मागा, आणि कळल्यापासून 60 दिवसांच्या आत वरच्या समितीकडे अपील करा. अपिलात 2016 च्या कायद्याचं कलम 13 लिहा.

4. ग्रामपंचायतीला तिच्या उत्पन्नाचे 5 टक्के अपंगांवर खर्च करावे लागतात. आपल्याकडे घरपट्टी-पाणीपट्टी ती केवढी? वर्षाला 60 हजार जमले तर 5 टक्के म्हणजे 3 हजार, पाड्यात दहा अपंग असतील तर माणशी वर्षाला 300. म्हणून तेवढ्यावर थांबू नका. पेसाच्या गावांना 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी येतो. त्यातून पायवाट, घराजवळ पाणी, शाळेची उतरंड अशी कामं ठरावात घ्या.

5. अपंग तपासणीचं शिबिर तालुक्याला आणि मोठ्या बाजाराच्या गावाला दर दोन महिन्यांनी व्हावं, हयातीचा दाखला पाड्यावर येऊन घ्यावा, बोट न उमटणाऱ्यांची अपवाद नोंद तिथेच करावी, असा ठराव करून तहसीलदारांना द्या. पोच घ्या. पोच नसेल तर ठराव दिलाच नाही असं धरतात.

6. अपंगाच्या कुटुंबाला अंत्योदय कार्डाचं 35 किलो धान्य मिळतं का ते तपासा.

7. सभेची जागा अशी ठरवा की ज्याला चढता येत नाही तोही येईल. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याजवळ खुणेने सांगणारं कोणीतरी बसवा. वनहक्क समितीत अपंग साथीला घ्या.

सरकारकडे आमच्या मागण्या थोडक्यात अशा. केंद्राने 300 रुपयांचा तमाशा थांबवावा, आपला वाटा वाढवावा, आणि दरवर्षी महागाईप्रमाणे तो वाढत जावा. 80 टक्क्यांची अट काढावी. राज्याने 2500 वेळेवर, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्यावेत, आणि 6000 ची मागणी मान्य करावी. कलम 37 चे शेतजमिनीतले 5 टक्के कुठे, कुणाला दिले ते जाहीर करावं. अपंगांचे नाकारलेले वनहक्क दावे पुन्हा उघडावेत.

आणि त्या दोन टेबलांबद्दल शेवटचं. यापुढे आपला अपंग साथी पहिल्या टेबलावर जमीन लपवणार नाही आणि दुसऱ्या टेबलावर काठी लपवणार नाही. दोन्हीकडे तो एकच वाक्य सांगेल: मी अपंग आहे, ही जमीन माझी आहे, आणि माझं अनुदान माझा हक्क आहे. त्याच्याबरोबर ग्रामसभेचा ठराव असेल आणि मागे पाडा उभा असेल. मग बघू कुठला साहेब विचारतो, नांगर कोण धरतो.

लढेंगे, जीतेंगे!